सायफनमध्ये पाण्याला नेमकं ढकलतं कोण?

मागच्या अंकात टाकी साफ करायच्या लेखात "पाइप भरून घ्या आणि सायफनने पाणी काढून टाका" अशी एकच ओळ होती, आणि सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग नसावा.

प्रश्न : टाकीतलं पाणी पाइपातून आधी वर चढतं, टाकीची कड ओलांडतं आणि मग खाली येतं. मोटर नाही, काही नाही. शाळेत शिकवलेलं की टाकीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतो, तो पाण्याला पाइपात ढकलतो. पण हवा तर पाइपच्या बाहेरच्या तोंडाशीही आहे, मग ती पाण्याला उलटं वर का नाही ढकलत?

ढकलते की! तेवढ्याच जोराने ढकलते. काटेकोर हिशोब केला तर केसभर जास्तच, कारण बाहेरचं तोंड खाली असतं आणि हवेचा दाब खाली जाल तसा वाढतो, मीटरमागे साधारण १२ पास्कल. एकूण दाब एक लाख पास्कलच्या वर असल्यामुळे हे १२ सोडून देऊ, पण मुद्दा लक्षात आला ना, नुसत्या हवेवर सोडलं असतं तर पाणी उलटं टाकीत गेलं असतं. म्हणजे सायफन हवेच्या जोरावर चालतो हे शाळेतलं उत्तर अर्धवट आहे, आणि तुमची शंका अगदी रास्त.

आता आकडे घालून बघू, त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. सोयीसाठी दाब पास्कलमध्ये न मोजता पाण्याच्या उंचीत मोजूया. समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे साधारण १०.३ मीटर उंच पाण्याच्या खांबाएवढा. समजा टाकीची कड पाण्याच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर वर आहे आणि पाइपचं बाहेरचं तोंड पातळीपेक्षा एक मीटर खाली लोंबतंय. पाइप पाण्याने पूर्ण भरलेला आहे आणि बाहेरच्या तोंडावर तुम्ही अंगठा घट्ट दाबून धरलाय, त्यामुळे पाणी स्थिर आहे. टाकीच्या पातळीशी दाब १०.३. तिथून पाइपातून अर्धा मीटर वर गेलात की दाब अर्ध्याने कमी, म्हणजे माथ्यावर ९.८. आता माथ्यावरून दीड मीटर खाली उतरा, अंगठ्यापाशी दाब झाला ११.३. अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूला हवा आहे, तिचा दाब १०.३. म्हणजे आतून बाहेर १ मीटरचा दाब जास्त आहे आणि तो अंगठ्याला स्पष्ट जाणवतो. अंगठा काढला की हाच जास्तीचा दाब पाण्याला बाहेर काढतो, आणि पाइपातलं पाणी पुढे सरकलं की मागे माथ्यावरचा दाब अजून उतरतो, त्यामुळे टाकीतलं पाणी वर चढत राहतं.

आता याच हिशोबात १०.३ च्या जागी २० घालून बघा, ३० घालून बघा. अंगठ्यापाशी आतला दाब २१ येईल, ३१ येईल, बाहेरचा २० आणि ३०, फरक तोच १. हवेचा दाब दोन्हीकडून कटतो. उरतो तो फक्त टाकीतली पातळी आणि बाहेरचं तोंड यांच्यातल्या उंचीचा फरक, आणि हा फरक म्हणजे निव्वळ गुरुत्वाकर्षण. एक लिटर पाणी एक मीटर खाली आलं की ९.८ ज्यूल ऊर्जा मोकळी होते, सायफनचा सगळा कारभार त्याच्यावर चालतो. मधे अर्धा मीटर वर चढायला जो खर्च होतो तो पलीकडे उतरताना जसाच्या तसा परत मिळतो.

मग हवा काहीच करत नाही का, तर तसंही नाही. चढत्या भागात पाणी वर जातं ते टाकीवरच्या हवेच्या दाबामुळेच, कारण माथ्यावर दाब कमी असतो. पण तीच हवा बाहेरच्या तोंडाशी पाण्याला मागे रेटते, एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. तिचा खरा उपयोग पाण्याला सगळीकडून दाबून एकसंध ठेवण्याचा, म्हणजे माथ्यावर खांब तुटत नाही. पाणी चालवणं गुरुत्वाकर्षणाचं काम, खांब टिकवणं हवेचं, असं धरून चाला, बहुतेक सगळे गोंधळ इथेच मिटतात.

प्रश्न : मी एका व्हिडिओत बघितलं की सायफन म्हणजे कप्पीवरून टाकलेली साखळी, लांब बाजू जड म्हणून ती आखूड बाजूला ओढते. हे बरोबर का?

पटकन समजवायला ठीक आहे, पण फार ताणू नका. साखळी वजनावर चालते, सायफन उंचीवर. फरक बघायचा असेल तर चढती बाजू चांगली जाडजूड पाइपाची घ्या आणि उतरती बाजू बारीक नळीची. समजा चढत्या बाजूत ३ किलो पाणी आहे आणि उतरत्या बाजूत जेमतेम ३०० ग्रॅम. साखळीच्या हिशोबाने पाणी उलटं टाकीत पडायला हवं, पण तसं होत नाही, बाहेरचं तोंड पातळीच्या खाली असलं की पाणी बाहेरच येतं. कारण द्रवातला दाब खोलीवर ठरतो, पाइप किती जाड आणि त्यात किती किलो पाणी यावर नाही.

दुसरं म्हणजे साखळीच्या कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात म्हणून ओढ लागते, तशी पाण्याच्या रेणूंची एकमेकांना ओढ असते हे खरंय, पण रोजच्या सायफनला तिची गरजच पडत नाही. माथ्यावर मोठा हवेचा बुडबुडा असला आणि पाणी एका बाजूने चढून त्या मोकळ्या जागेतून थेंबाथेंबाने पलीकडे पडत असलं तरी असा सायफन चालवून दाखवता येतो. आणि कार्बन डायऑक्साइडसारखा हवेपेक्षा जड वायूही नळीने एका भांड्यातून खालच्या भांड्यात सायफन करता येतो, वायूच्या रेणूंना एकमेकांची कसली आलीये ओढ! तिथे सगळं काम दाबाच्या फरकावर होतं.

प्रश्न : पाइप टाकीत जेवढा खोल घालू तेवढं पाणी जोरात येतं का? आणि जाड पाइप घेतला तर किती फरक पडतो? ड्रम रिकामा करायचाय, वेळ फार लागतो.

टाकीतल्या टोकाची खोली जोरासाठी बिनमहत्त्वाची. बुडलेल्या भागात पाइपच्या आत पाणी आणि बाहेरही पाणीच, दोघांचा हिशोब बरोबरीत सुटतो. ते टोक खोल ठेवायचं ते एवढ्यासाठीच की पातळी उतरली की तोंड उघडं पडून हवा शिरू नये. (अगदी तळाला टेकवलंत तर गाळ ओढला जाईल, दोन बोटं वर ठेवा.) जोर ठरतो बाहेरच्या टोकावर, ते पातळीच्या जितकं खाली तितका वेग जास्त. कागदावरचा नियम असा की २ गुणिले ९.८ गुणिले उंचीतला फरक, आणि त्याचं वर्गमूळ. एक मीटर फरक असेल तर सेकंदाला साधारण ४.४ मीटर. वर्गमूळ असल्यामुळे वेग दुप्पट करायला फरक चौपट करावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

पण कागदावरचा वेग प्रत्यक्षात कधीच मिळत नाही, कारण पाइपातलं घर्षण. समजा आतला व्यास १० मिलिमीटर, लांबी ३ मीटर आणि उंचीतला फरक १ मीटर. घर्षण सोडून दिलं तर मिनिटाला जवळजवळ २१ लिटर पाणी यायला हवं, घर्षण धरून गणित केलं की येतं ६ ते ७ लिटर. म्हणजे दोन तृतीयांश तिथेच गेलं. आता त्याच जागी २० मिलिमीटरचा पाइप लावा, बाकी सगळं तसंच. तोंडाचं क्षेत्रफळ चौपट झालं म्हणून पाणी चौपट येईल असं वाटतं, पण येतं ३५ ते ४० लिटर, म्हणजे पाच-सहा पट, कारण जाड पाइपात घर्षणाचा वाटाही घटतो. २०० लिटरच्या ड्रमला बारीक पाइपाने अर्धा तास तर जाईलच, वर पातळी उतरेल तसा उंचीतला फरकही कमी होत जातो म्हणून शेवटचे लिटर अगदी रडत रडत येतात. तेव्हा पाइप जाड घ्या, लांबी गरजेपुरतीच ठेवा, वेटोळी करून जास्तीचा पाइप जमिनीवर टाकून ठेवू नका, आणि बाहेरचं टोक जमेल तेवढं खाली न्या.

आणि बाहेरचं टोक दुसऱ्या बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर फरक मोजायचा तो दोन्ही पातळ्यांमधला. पातळ्या सारख्या झाल्या की सायफन थांबणार. बादली वर उचललीत तर पाणी मागे फिरेल, आणि हे एकदा करून बघाच, दोन बादल्या आणि एक पारदर्शक नळी एवढंच लागतं.

प्रश्न : आमचा सायफन सुरू होतो छान, पण अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. टाकीत पाणी असतं, पाइपला भोकही दिसत नाही.

माथ्यावर बघा. पारदर्शक पाइप असेल तर वाकणापाशी हवेचा फुगा साठलेला दिसेल. पहिल्या उत्तरात माथ्यावर दाब ९.८ होता तो पाणी स्थिर असताना. पाणी वाहू लागलं की तो अजून उतरतो. घर्षण नसतं तर त्याच उदाहरणात माथ्याचा दाब ८.८ पर्यंत गेला असता, म्हणजे बाहेरच्या दाबापेक्षा दीड मीटरने कमी. दाब कमी झाला की पाण्यात विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांनी सुटते, हे बुडबुडे वाकणाच्या वरच्या बाजूला चिकटतात, एकमेकांत मिसळतात, आणि एक वेळ अशी येते की फुगा पाइपची सगळी रुंदी अडवतो आणि खांब दोन भागांत तुटतो. जोडाजवळ केसाएवढी फट असली तरी तेच होतं, आणि गंमत म्हणजे अशी फट शोधायला जाल तर तिथून पाणी गळताना दिसणारच नाही, कारण आत दाब कमी असल्यामुळे पाणी बाहेर येत नाही, उलट हवाच आत ओढली जाते. म्हणून भोक दिसत नाही!

उपाय काय, तर एक म्हणजे वाकण गरजेपेक्षा उंच ठेवू नका, पाइप कडेला चिकटून न्या. दुसरं, प्रवाह अगदी मंद ठेवू नका, पुरेशा वेगाने पाणी गेलं की बुडबुडे साठायच्या आत वाहून जातात. तिसरं बऱ्याच लोकांना माहीत नसतं, प्रवाह कमी करायचा असेल तर कॉक पाइपच्या बाहेरच्या टोकाला लावा, टाकीतल्या टोकाला नको. खाली कॉक आवळला की माथ्यावरचा दाब वाढतो आणि बुडबुडे कमी सुटतात, टाकीतल्या टोकाला आवळला की अडथळ्याच्या पुढे माथ्यावर दाब अजून पडतो आणि सायफन लवकर तुटतो. पाइप मऊ भिंतीचा असेल तर तो वाकणापाशी चपटाही होतो, तेही बघून घ्या.

प्रश्न : टाकीची भिंत फार उंच असेल तर? कितीही उंचीवरून चालतो का?

नाही, आणि इथे हवेच्या दाबाचं महत्त्व कळतं. पाण्यासाठी कमाल उंची समुद्रसपाटीला साधारण १० मीटर. इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेलीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीवर केलेल्या प्रयोगात पारा ७६ सेंटीमीटरवर थांबला, तोच हिशोब, पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे म्हणून पाऱ्याच्या सायफनची मर्यादाही तेवढीच, पाऊण मीटर. मर्यादेजवळ माथ्यावरचा दाब इतका खाली येतो की पाणी त्या तापमानालाच उकळतं आणि वाफेची पोकळी तयार होऊन खांब तुटतो. पाणी गरम असेल तर हे आधीच होतं, ८० अंश सेल्सिअसच्या पाण्याला ही मर्यादा साडेपाच मीटरच्या आसपास येते. उंच डोंगरावर हवाच विरळ, ३००० मीटर उंचीवर साधारण ७ मीटर धरा. आणि हे सगळे आदर्श आकडे आहेत, बुडबुडे आणि घर्षण धरलं तर व्यवहारात सात मीटरच्या वर जायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

पण गोष्ट इथेच संपत नाही. २०१५ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या शोधपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात पाण्यातली विरघळलेली हवा आधी काढून टाकून समुद्रसपाटीला चक्क १५ मीटर उंचीचा सायफन चालवला होता. म्हणजे माथ्यावर दाब शून्याच्याही खाली, पाणी अक्षरशः ताणलेलं, आणि तरी तुटलं नाही, कारण पोकळी सुरू व्हायला जे बारीक बुडबुडे लागतात तेच नव्हते. इथे मात्र रेणूंची एकमेकांना असलेली ओढ कामाला येते. १०० मीटरपेक्षा उंच रेडवूड झाडांच्या शेंड्यापर्यंत पाणी पोचतं तेही असंच ताणलेलं. त्याआधी २०११ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी निर्वात पोकळीत सायफन चालवून दाखवला होता. त्यांनी पाणी नाही तर आयनिक लिक्विड, म्हणजे साध्या तापमानालाही द्रव राहणारा क्षार, वापरलं, अशा द्रवांची जवळजवळ वाफच होत नाही, नाहीतर पोकळीत पाणी लगेच उकळलं असतं. हवाच नाही तरी सायफन चालू, पहिल्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मी तरी देऊ शकत नाही. पण घरी १० मीटरची मर्यादा पक्की समजा, आपल्या पाण्यात हवा असतेच.

प्रश्न : पेट्रोलच्या टाकीतून तोंडाने ओढून सायफन सुरू करतात, त्यात काही धोका आहे का?

आहे, अजिबात करू नका. पेट्रोल पातळ असतं, ओढताना ठसका लागला की थेट फुप्फुसात जातं आणि अगदी थोडं गेलं तरी गंभीर न्युमोनियासारखी सूज येऊ शकते, जीवावर बेततं. चुकून कोणी गिळलंच तर उलटी करवू नका, उलटीत तेच पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत जायची भीती असते, सरळ दवाखाना गाठा. हातपंपाची नळी मिळते ती वापरा, आणि जवळ ठिणगी, विडी-सिगारेट काही नको. साध्या पाण्यासाठीही तोंड लावायची गरज नाही, अख्खा पाइप पाण्यात बुडवून भरा, एका टोकावर अंगठा दाबा, ते टोक बाहेर काढून पातळीच्या खाली न्या आणि मग अंगठा सोडा. किंवा नळाला जोडून पाइप भरून घ्या.

प्रश्न : कोणी सुरू न करता आपोआप चालू होणारा सायफन असतो का?

असतो, आणि तुम्ही रोज वापरता. बऱ्याच कमोडच्या मागे पाइपला वाकण असतं, फ्लश केल्यावर पाणी एकदम येऊन ते वाकण पूर्ण भरतं, सायफन सुरू होतो आणि सगळं ओढून नेतो, शेवटी हवा शिरली की तो गुडगुड आवाज येतो, तो सायफन तुटल्याचा आवाज. म्हणूनच बादलीने हळूहळू पाणी ओतलं तर तो कमोड साफ होत नाही, एकदम ओतावं लागतं.

पायथागोरसच्या नावाने ओळखला जाणारा कपही असाच. मधल्या खांबात लपवलेली वाकडी नळी, एका खुणेपर्यंत भराल तर काही होत नाही, खूण ओलांडलीत की पाणी वाकणाच्या वर जातं आणि सगळा कप बुडातून रिकामा, अगदी खुणेच्या खालचंही. हावरटाची फजिती करायला केलेला. पाऊस नोंदवणाऱ्या यंत्रात हाच प्रकार कामाचा आहे, आतल्या भांड्यात तरंगणारा फ्लोट पेनला वर नेतो, कागदावर रेघ चढत जाते, १० मिलिमीटर पाऊस साठला की सायफन भांडं झटक्यात रिकामं करतो आणि पेन परत शून्यावर. कागदावर अशा किती सरळ उड्या दिसतात ते मोजलं की पाऊस कळतो.

प्रश्न : सायफनचं पाणी परत वरच्या टाकीत सोडून फुकट वीज करता येईल का?

नाही. परत सोडायला बाहेरचं तोंड पातळीच्या वर न्यावं लागणार, आणि ते वर गेल्या क्षणी पाइपातलं पाणी मागे टाकीत येतं. वर सांगितलेला अंगठ्याचा हिशोब करून बघा, फरक उणे येईल.

प्रश्न : वॉशिंग मशीन पाणी घेतच राहते, पण ड्रम काही भरत नाही. इनलेट ठीक आहे असं मेकॅनिक म्हणतो. सायफनचा संबंध असू शकतो का?

दाट शक्यता आहे. मशीनचा ड्रेन पाइप खाली जमिनीवर पडलेला आहे का ते बघा. त्याचं तोंड ड्रममधल्या पातळीच्या खाली गेलं की एकीकडून पाणी भरतं आणि दुसरीकडून सायफन होऊन निघून जातं. ड्रेन पाइप मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवा, भिंतीतल्या पाइपात कोपरभर खोल खुपसू नका, आणि मुख्य म्हणजे वास येतो म्हणून तिथली फट टेपने किंवा सिलिकॉनने बंद केली असेल तर ती मोकळी करा. त्या फटीतून हवा आत जायला हवी, तीच हवा सायफन तोडते. पाणी भरताना मशीन पॉज करा आणि ड्रेनच्या तोंडाशी हात धरा, मोटर बंद असताना तिथून पाणी येत असेल आणि पाइप वर उचलल्यावर ते थांबलं तर तो सायफनच. पाइप वर नेऊनही पाणी येतच राहिलं तर मात्र ड्रेन व्हॉल्व्ह किंवा पंप तपासायला सांगा.